न्यूयॉर्कच्या शाळांचा मालक कोण?

१८ नोव्हेंबर २०२०. न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ सकाळी दहा वाजता पत्रकारांशी बोलणार होते. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा वाजले, तरी महापौरांचा पत्ता नाही. उद्या शाळा भरणार की नाही, हे त्या पत्रकार परिषदेत कळणार होतं. त्यामुळे शहरातले आईबाप कामंधामं बाजूला ठेवून फोनकडे डोळे लावून बसले होते. दुपार उलटल्यावर उत्तर आलं, तेही मुख्याध्यापकांना गेलेल्या ईमेलमधून आधी फुटलं आणि महापौर मागाहून बोलले. उद्यापासून शाळा बंद.

शहरातल्या कोविड चाचण्यांमध्ये बाधितांचं प्रमाण सात दिवसांच्या सरासरीने तीन टक्क्यांवर पोचलं होतं. तीन टक्क्यांची ही मर्यादा खुद्द महापौरांनी आधी जाहीर केलेली होती. गंमत अशी, की त्या दिवशी शहरातल्या व्यायामशाळा उघड्या होत्या आणि रेस्टॉरंटमध्ये आत बसून जेवता येत होतं. ते विषय राज्याच्या गव्हर्नरांच्या अखत्यारीतले होते आणि त्यांचे निकष वेगळे होते. मुलांची शाळा महापौरांच्या हातात, म्हणून ती बंद. तीन आठवड्यांच्या आत लहान वर्ग पुन्हा सुरू झाले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वैद्यकातली माणसं आजही वाद घालतील. पालकांचा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता: हा निर्णय कुठल्या मंडळापुढे आला नव्हता, त्यावर कुणी मतदान केलं नव्हतं, आणि रात्रीतून मुलांना सांभाळायची सोय करायला लागलेल्या बाईला जाब विचारायला जवळचं एकही दार नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये २००२पासून हे असंच चालू आहे. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत, आणि पालकांच्या संघटना तेव्हापासून या व्यवस्थेशी भांडत आहेत.

मराठी वाचकाला इथे एक खुलासा हवा. आपल्याकडे महापौर म्हटलं की लाल दिव्याची गाडी, सत्कार आणि सभेचं अध्यक्षपद आठवतं. मुंबई महापालिकेत खरी कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असते. न्यूयॉर्कचा महापौर म्हणजे आपला महापौर आणि आयुक्त एका खुर्चीत बसवल्यासारखं आहे. तो थेट लोकांनी निवडलेला असतो, आणि पोलीस, अग्निशमन, कचरा, घरबांधणी सगळं त्याच्या हाताखाली चालतं. त्यात २००२ साली शाळांची भर पडली. तेव्हा त्या शाळांत सुमारे ११ लाख मुलं होती. आज साधारण नऊ लाख मुलं आणि सोळाशेच्या आसपास शाळा आहेत, आणि वर्षाचा खर्च ४० अब्ज डॉलरच्या घरात जातो.

अमेरिकेत ही रीत सर्वसाधारण नाही. देशात तेरा हजारांहून जास्त शालेय जिल्हे आहेत आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं शिक्षण मंडळ कारभार पाहतं. हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथला पालक शाळेच्या प्रश्नावर मंडळाच्या निवडणुकीत मत देतो, स्वतः उभाही राहतो. नदी ओलांडून क्वीन्समध्ये राहायला आलेल्या त्याच्याच भावाला मात्र शाळेसाठी वेगळं मत नाही. तिथे दर चार वर्षांनी महापौर निवडायचा आणि त्यातच सगळं आलं.

हे असं का झालं, ते समजून घेतल्याशिवाय महापौरांना दोष देणं बरं नाही. आधीची व्यवस्था काही सोन्याची नव्हती.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या शाळा ब्रुकलिनमधल्या ११०, लिव्हिंगस्टन स्ट्रीट या एका इमारतीतून चालत. त्या पत्त्याचं नाव काढलं की लोक कपाळावर आठ्या घालत. फाइल तिथे गेली की परत येत नाही, अशी त्याची ख्याती. कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन मुलांच्या शाळा सर्वांत वाईट अवस्थेत होत्या आणि पालक म्हणू लागले, की आमच्या शाळा आमच्याकडे द्या. म्हणून ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात एका स्थानिक मंडळाचा प्रयोग सुरू झाला. मे १९६८ मध्ये त्या मंडळाने १९ शिक्षक आणि पर्यवेक्षकांना तुम्ही इथे नकोत अशी पत्रं दिली. मंडळ कृष्णवर्णीयांचं, आणि पत्रं मिळालेले बहुतेक शिक्षक ज्यू होते. अल्बर्ट शँकर यांच्या नेतृत्वाखालच्या शिक्षक संघटनेने त्या शरद ऋतूत एकामागोमाग तीन संप केले. सगळ्या शहरातल्या मुलांचे शाळेचे ३६ दिवस गेले. त्या संपाने दोन समाजांत पाडलेली फट पुढे कित्येक वर्षं बुजली नाही.

तोडगा म्हणून १९६९ मध्ये राज्य विधिमंडळाने कायदा केला. शहराचे पुढे ३२ भाग झाले, प्रत्येकाला नऊ सदस्यांचं निवडून आलेलं मंडळ मिळालं आणि प्राथमिक व माध्यमिक वर्ग त्याच्याकडे गेले. हायस्कुलं मध्यवर्ती मंडळाकडेच राहिली. त्या मध्यवर्ती मंडळावर सात जण असत, शहराच्या पाच बरोंच्या, म्हणजे मोठ्या विभागांच्या, अध्यक्षांनी नेमलेले पाच आणि महापौरांचे दोन. या कायद्यातलं एक कलम आज फारसं कुणाला आठवत नाही: भाग-मंडळाच्या निवडणुकीत मूल सरकारी शाळेत असलेला पालक नागरिक नसला तरी मत देऊ शकत होता. त्याकडे आपण नंतर वळू.

कागदावर हे सगळं छान होतं. प्रत्यक्षात मतदान बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या आतच राहिलं. मतपत्रिका किचकट होती, निवडणूक मे महिन्यात, एरवी कुणी मतदानाला जात नाही अशा वेळी. त्यामुळे ज्यांच्याकडे माणसं गोळा करायची यंत्रणा होती ते जिंकले: स्थानिक राजकीय मंडळं, संघटना, धार्मिक गट. काही भागांत शाळेतल्या नोकऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या गेल्या, काही सदस्यांवर फौजदारी खटले झाले. त्याच रचनेत पूर्व हार्लेममध्ये डेबोरा मायर यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल पार्क ईस्ट शाळेसारखे देशभर गाजलेले प्रयोगही उभे राहिले, हेही सांगायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो भ्रष्टाचार. १९९६ मध्ये विधिमंडळाने मंडळांचे नेमणुकीचे अधिकार काढून घेतले आणि त्यानंतर ती नावापुरतीच राहिली.

मायकेल ब्लूमबर्ग २००१ ची महापौरपदाची निवडणूक जिंकून आले ते शाळा आपल्या हाती द्या असं मागतच. त्यांचा युक्तिवाद एका दमात सांगण्यासारखा होता. आज शाळा नापास होतात तेव्हा मंडळ महापौरांकडे बोट दाखवतं, महापौर मंडळाकडे, आणि दोघं मिळून ऑल्बनीतल्या राज्य सरकारकडे. मला सगळी सत्ता द्या आणि सगळा जाबही मलाच विचारा. जून २००२ मध्ये कायदा झाला. ३२ मंडळं मोडीत निघाली. मध्यवर्ती मंडळाच्या जागी १३ जणांचं शैक्षणिक धोरण पॅनेल आलं आणि त्यातले आठ जण महापौरांनी नेमायचे ठरलं. शाळांचा प्रमुख, म्हणजे चॅन्सलर, महापौर निवडणार. लिव्हिंगस्टन स्ट्रीटची इमारत विकून खातं सिटी हॉलच्या मागच्या ट्वीड कोर्टहाऊसमध्ये हलवलं. एकोणिसाव्या शतकात ही इमारत बांधताना बॉस ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीने शहराला इतकं लुटलं होतं, की भ्रष्टाचाराचा नमुना म्हणून तिचं नाव इतिहासात गेलं. ब्लूमबर्ग यांनी ती वास्तू का निवडली असेल याचा विचार मी अधूनमधून करते. बहुधा जवळ पडते म्हणून.

पॅनेल म्हणजे काय, ते पालकांना दोनच वर्षांत कळलं. १५ मार्च २००४, सोमवार. तिसरीच्या परीक्षेत सर्वांत खालच्या पातळीत आलेल्या मुलांना वर ढकलायचं नाही, असा महापौरांचा प्रस्ताव त्या रात्री मतदानाला यायचा होता. पालकांचा आणि अनेक शिक्षणतज्ज्ञांचा त्याला विरोध होता: आठ वर्षांच्या पोराचं भवितव्य एका परीक्षेवर ठरवू नका. पॅनेलवरचे काही सदस्यही कचरत होते. सभेच्या काही तास आधी महापौरांनी स्वतःचे दोन सदस्य काढून टाकले, स्टेटन आयलंडच्या बरो अध्यक्षांनी आपला एक बदलला, आणि प्रस्ताव आठ विरुद्ध पाच मतांनी पास झाला. त्या रात्रीला शहरात ‘मंडे नाइट मॅसेकर’ हे नाव पडलं. ब्लूमबर्ग यांनी काही लपवलं नाही. महापौरांचं नियंत्रण म्हणजे महापौरांचंच नियंत्रण, हे माझे प्रतिनिधी आहेत आणि ते माझ्या मताप्रमाणे मत देणार, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

माझ्या मते पालकांची या व्यवस्थेबद्दलची सगळी तक्रार त्या एका सोमवारात आहे. मूल नापास करावं की नाही, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पण ज्या सभेचा निकाल सभा भरण्याआधीच लागलेला असतो तिथे रांगेत उभं राहून माइकवर दोन मिनिटं बोलायचं कशाला?

नंतरच्या वर्षांत असे प्रसंग येतच राहिले. जानेवारी २००७ मध्ये, ऐन थंडीत, सल्लागार कंपनीच्या सांगण्यावरून शाळेच्या बसचे मार्ग बदलले आणि मुलं थांब्यांवर कुडकुडत उभी राहिली. शाळेत मोबाइल आणायला कडक बंदी झाली. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला पाहिलेल्या शहरातले आईबाप म्हणत होते, की मुलाशी संपर्काचं साधन काढून घेऊ नका. ते कोर्टात गेले आणि हरले. पुढच्या महापौरांनी २०१५ मध्ये बंदी उठवली. २०२५ मध्ये राज्यानेच कायदा करून सगळ्या शाळांत स्मार्टफोन पुन्हा बंद केले आणि यावेळी बऱ्याच पालकांनी सुटकेचा श्वास टाकला. पालकही काळाप्रमाणे मत बदलतात, हे कबूल करायला हवं.

सर्वांत खोल जखम शाळा बंद करण्याची. ब्लूमबर्ग यांच्या बारा वर्षांत दीडशेहून अधिक शाळा बंद झाल्या. मोठी, रखडलेली हायस्कुलं मोडून त्याच इमारतीत चार-पाच लहान शाळा काढायच्या, किंवा एखादा मजला चार्टर शाळेला द्यायचा, असं ते धोरण होतं. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात, पण त्यांचा कारभार खासगी संस्था पाहतात. एकाच इमारतीत दोन शाळा आल्या की जिमखाना कुणाचा, जेवणाची वेळ कुणाची, यावरून रोजची कुरबुर सुरू होते. लहान शाळांचे निकाल चांगले लागले, असं सांगणारे अभ्यास आहेत. पण आपले आजोबा, वडील जिथे शिकले ती शाळा ‘अपयशी’ म्हणून कुलूपबंद होताना पाहणाऱ्या वस्तीला ते अभ्यास दाखवून उपयोग नसतो.

२६ जानेवारी २०१० च्या रात्री ब्रुकलिन टेक हायस्कूलच्या सभागृहात १९ शाळा बंद करण्याच्या प्रस्तावावर पॅनेलची सभा झाली. शेकडो लोकांनी बोलण्यासाठी नावं दिली होती. पालक, शिक्षक, त्या शाळांची मुलं एकामागून एक बोलत राहिली. सभा पहाटे तीननंतर संपली आणि प्रस्ताव नऊ विरुद्ध चार मतांनी पास झाला. आठ तास बोलून एकही मत हललं नाही. पण २००९ मध्ये २००२ च्या कायद्याचं नूतनीकरण करताना विधिमंडळाने एक अट घातली होती: शाळा बंद करण्याआधी त्याच्या परिणामांचं सविस्तर निवेदन आणि रीतसर सुनावणी हवी. शिक्षक संघटना आणि कृष्णवर्णीयांची जुनी नागरी हक्क संघटना एनएएसीपी कोर्टात गेल्या. मार्चमध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, की शहराने अटी पाळल्या नाहीत, आणि त्या वर्षापुरतं तरी शाळा बंद करणं थांबलं. सभागृहात जे आठ तासांत झालं नाही ते कायद्याच्या एका कलमाने झालं.

त्याच वर्षी चॅन्सलर जोएल क्लाइन गेले आणि ब्लूमबर्ग यांनी त्यांच्या जागी हर्स्ट मासिकसमूहाच्या अध्यक्ष कॅथी ब्लॅक यांना आणलं. त्यांनी कधी शाळा चालवली नव्हती, वर्गात शिकवलं नव्हतं. कायद्याने लागणारी पात्रता नसल्यामुळे राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडून खास सूट मिळवावी लागली. जानेवारी २०११ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या पालकांनी त्यांना वर्गांतल्या गर्दीचं गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा त्यांनी कुटुंबनियोजनावरून विनोद केला. एप्रिलमध्ये, पुरते शंभर दिवस भरण्याआधी, त्यांना जावं लागलं. इतकी चूक इतक्या लवकर सुधारली, हे एकहाती सत्तेचं बलस्थान आहे असं महापौरांचे समर्थक म्हणतात. ही नेमणूक एखाद्या मंडळापुढे आली असती तर ती झालीच नसती, असं पालक म्हणतात.

आता जाब विचारण्याच्या वचनाचं बघू. ब्लूमबर्ग म्हणाले होते, निवडणुकीत हिशेब करा. पण महापौरांच्या निवडणुकीत मतदार गुन्हेगारी, घरभाडं, कर, बर्फ उपसणं या सगळ्यांवर एकच मत देतो. त्यात शाळेचा वाटा किती हे कोण मोजणार? शिवाय हिशेबाचं मोजमापही महापौरांच्या बाजूला झुकलेलं होतं. २००९ मध्ये, ब्लूमबर्ग तिसऱ्यांदा उभे होते त्या वर्षी, शहरातली जवळजवळ ८२ टक्के मुलं गणितात आणि ६९ टक्के इंग्रजीत प्रावीण्याच्या पातळीवर असल्याचे आकडे आले. पुढच्याच वर्षी राज्याने परीक्षा फारच सोप्या झाल्याचं मान्य करून कसोटी कडक केली, तर गणितात ५४ आणि इंग्रजीत ४२ टक्के उरले. तोवर निवडणूक होऊन गेली होती. परीक्षा राज्याची, त्यामुळे यात ब्लूमबर्ग यांचा हात नव्हता. पण मत देणाऱ्या आईसमोर ठेवलेलं प्रगतिपुस्तक खोटं निघालं, एवढं खरं.

आणि मत सगळ्यांना तरी कुठे आहे? न्यूयॉर्कमधल्या दर तीन रहिवाशांपैकी एकाहून जास्त माणसं परदेशात जन्मलेली. एच-१बी व्हिसावर आलेला पुण्याचा इंजिनियर आणि त्याची बायको फ्लशिंगमध्ये राहतात असं धरा. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब, की त्यांचं मूल बालवर्गातून बारावीला पोचेल, तरी आईबापांना महापौरांच्या निवडणुकीत एकदाही मत देता येणार नाही. १९६९ च्या कायद्याने अशा पालकांना शाळा-मंडळासाठी दिलेला मताधिकार २००२ मध्ये मंडळांबरोबरच गेला. नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मताधिकार देणारा कायदा नगर परिषदेने मंजूर केला होता, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो रद्द ठरवला. ‘मला जाब विचारा’ हे वाक्य या आईबापांच्या कानावर पडतं तेव्हा ते कसं वाटत असेल?

वाचनाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. २००३ मध्ये चॅन्सलर क्लाइन यांनी बहुतेक सगळ्या शाळांना एकसारखी वाचनपद्धत लावली. अक्षर आणि ध्वनी यांची घट्ट जोडणी करून शिकवण्यापेक्षा पुस्तकांच्या सहवासातून आणि संदर्भावरून शब्द ओळखण्यावर तिचा भर होता. ज्यांचं मूल अक्षरओळखीत अडखळत होतं असे पालक, विशेषतः डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे, वर्षानुवर्षं सांगत राहिले, की हे चालत नाही. पैसा होता त्यांनी खासगी शिकवण्या लावल्या. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, महापौर एरिक ॲडम्स आणि चॅन्सलर डेव्हिड बँक्स यांनी जुनी पद्धत चुकीची होती असं जाहीरपणे मान्य केलं आणि ध्वनींवर आधारित नवे अभ्यासक्रम शहरभर सक्तीचे केले. चूक दुरुस्त झाली, ठीक. पण ३२ वेगवेगळी मंडळं असती तर चूकही ३२ ठिकाणी वेगवेगळी झाली असती आणि तुलना करायला काहीतरी हातात राहिलं असतं. महापौरांच्या एका सहीने चूक सगळ्या शहराची झाली आणि दुसऱ्या सहीची वाट बघण्यात एक पिढी शाळेतून बाहेर पडली.

महापौर बदलला की दिशा बदलते, हीही पालकांची नेहमीची चिंता. ब्लूमबर्ग यांनी शाळांना ए ते एफ श्रेणी दिल्या, डी ब्लासिओ यांनी त्या बंद केल्या. डी ब्लासिओ यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये हुशार मुलांचे वेगळे वर्ग गुंडाळायची घोषणा केली, सहा महिन्यांत ॲडम्स यांनी ते वर्ग वाढवले. चार वर्षांच्या मुलाच्या प्रवेशाचा बेत आखणाऱ्या कुटुंबाला यातून काय हाती लागणार?

हे सगळं लिहिल्यावर दुसरी बाजू दडपणं अन्याय होईल. २०१४ मध्ये डी ब्लासिओ यांनी चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी मोफत पूर्ण दिवसाची बालवाडी जाहीर केली आणि सुमारे २० हजार जागांवरून एका वर्षात पन्नास हजारांच्या वर मुलं बसवली. जुन्या मंडळाकडून हे झालं नसतं, असं त्या मंडळाशी भांडलेले लोकही म्हणतात. हायस्कूल वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २००२ मध्ये निम्म्याच्या आसपास होतं, ते ब्लूमबर्ग यांच्या अखेरीस सुमारे दोन तृतीयांश झालं आणि नंतरही वाढलं. शहराचा पैसा शाळांकडे अधिक वळला. नोकऱ्या वाटणारी मंडळं गेली. आणि ‘पालक’ नावाचा एकच आवाज कुठे असतो? डी ब्लासिओ यांना २०१८ मध्ये स्टायव्हसंटसारख्या निवडक हायस्कुलांची प्रवेशपरीक्षा बंद करायची होती. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पालकांतले अनेक जण त्यांच्या बाजूने होते. आशियाई पालक, ज्यांची मुलं या शाळांत निम्म्याहून अधिक आहेत, सिटी हॉलसमोर निदर्शनं करत होते. त्यांतल्या तीन शाळांची परीक्षा १९७१ च्या राज्य कायद्याने बांधलेली असल्यामुळे महापौरांचं चाललं नाही. ज्या पालकांनी महापौरांच्या नियंत्रणाला नावं ठेवली नव्हती तेही त्या दिवसांत म्हणाले, बरं झालं, सगळंच त्यांच्या हातात नाही.

न्यूयॉर्कचा हा कायदा कायमचा नाही. त्याला मुदत असते आणि ती संपत आली की महापौरांना ऑल्बनीला हात जोडून जावं लागतं. २००९ मध्ये विधिमंडळातल्या बंडाळीत मुदत खरोखर संपली आणि १ जुलैला जुनं शिक्षण मंडळ सात वर्षांनी कायद्याने जिवंत झालं. त्याने घाईघाईने सभा घेऊन क्लाइन यांनाच चॅन्सलर म्हणून ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये नवा कायदा येईपर्यंत ते श्वास रोखून बसलं. डी ब्लासिओ यांना एक-एक वर्षाची मुदतवाढ घ्यावी लागली. पालकांना जे काही मिळालं ते या सौद्यांतूनच.

२०२२ ची मुदतवाढ त्यात सर्वांत मोलाची. पॅनेल २३ जणांचं झालं. शहराच्या ३२ भागांत पालकांच्या निवडून आलेल्या परिषदा आहेत, त्यांच्या अध्यक्षांनी निवडलेले पाच पालक त्यावर आले. महापौरांचं बहुमत राहिलं, पण विरोधात मत दिलं म्हणून सदस्याला मुदतीआधी काढता येणार नाही असं कलम आलं. म्हणजे २००४ चा तो सोमवार आता कायद्याने पुन्हा घडवता येत नाही. त्याच वर्षी वर्गातल्या मुलांच्या संख्येवर बंधन घालणारा कायदाही झाला: तिसरीपर्यंत २०, आठवीपर्यंत २३, हायस्कूलला २५, आणि २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने तिथे पोचायचं. वर्गातली गर्दी ही पालकांची वर्षानुवर्षांची पहिली मागणी होती आणि ती महापौरांकडून नाही, विधिमंडळाकडून पुरी झाली.

पण पॅनेलवर नुसती जागा मिळून भागत नाही. २०२२ च्याच उन्हाळ्यात शाळांच्या निधीत कपात झाली. चॅन्सलरनी ‘तातडी’ जाहीर करून अंदाजपत्रक आधी नगर परिषदेकडून मंजूर करून घेतलं आणि पॅनेलचं मत मागाहून घेतलं. काही पालक आणि शिक्षक कोर्टात गेले. वरच्या कोर्टाने शेवटी प्रक्रिया चुकल्याचं मान्य केलं, पण अंदाजपत्रक रद्द केलं नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये महापौर ॲडम्स यांच्यावर फेडरल आरोपपत्र आलं (ते नंतर कोर्टाने रद्द केलं), चॅन्सलर बँक्स यांचे फोन तपास यंत्रणेने ताब्यात घेतले आणि ते महिनाभरात गेले. शाळा सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. सिटी हॉलमधल्या भानगडीचा आणि चौथीच्या गणिताचा संबंध काय, असं कुणी विचारेल. एका माणसाशी सगळं बांधलं की संबंध येतोच.

झोहरान ममदानी २०२५ च्या महापौरपदाच्या प्रचारात महापौरांचं नियंत्रण संपवायचं म्हणत होते. निवडून आल्यावर, पदभार घेण्याच्या तोंडावर, त्यांनी ते पुढे चालू ठेवण्याची मागणी करणार असल्याचं सांगितलं आणि पालकांना जास्त वाव देण्याचं आश्वासन दिलं. सत्तेबाहेर असताना या कायद्याला विरोध करणं सोपं असतं.

इतर शहरं वेगवेगळ्या वाटांनी गेली. बॉस्टनने १९९२ पासून महापौरांनी नेमलेली समिती ठेवली आहे, पण २०२१ च्या सल्लावजा मतदानात सुमारे ७९ टक्के लोकांनी निवडून आलेलं मंडळ मागितलं. डेट्रॉइटच्या मतदारांनी २००४ मध्ये ते परत मिळवलं. शिकागोत १९९५ पासून महापौरांची सत्ता होती. २०१३ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी एका दमात ५० च्या आसपास शाळा बंद केल्या, त्याही बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. तो राग विझला नाही. २०२१ मध्ये कायदा झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिले काही सदस्य निवडून आले, आणि २०२७ मध्ये २१ जणांचं पूर्ण निवडून आलेलं मंडळ येणार आहे. तिथल्या निवडणुकीतही शिक्षक संघटना आणि चार्टर शाळांचे पाठीराखे पैसा ओतत आहेत. पालक तिथेही मधेच अडकलेले आहेत.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं सांगितलं आहे. न्यूयॉर्कच्या पालकांना हे प्रमाण ऐकून हेवा वाटेल. मुंबई महापालिकेच्या शाळांचा कारभार मात्र मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं निवडून आलेल्या नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली चालला, आणि त्यावर पालकांची मोठी ओरड झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शाळा महापौराने चालवाव्यात की मंडळाने, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. दोन्ही पद्धती बिघडू शकतात आणि न्यूयॉर्कमध्ये दोन्ही बिघडून झाल्या आहेत. निर्णय होण्याआधी सुनावणी होते का, आणि मत देणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक आहे का, या दोन प्रश्नांवर माझं मत ठरतं. २०२२ च्या कलमांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं सुधारलं. पहिल्याचं अजून बाकी आहे.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी आईबापांसाठी एक माहिती. ३२ भागांतल्या पालक परिषदा शाळांच्या हद्दी मंजूर करतात आणि त्यांचे अध्यक्ष पॅनेलवरचे पाच पालक निवडतात. या परिषदांची निवडणूक दर विषम वर्षी वसंतात ऑनलाइन होते. मूल सरकारी शाळेत असलं की पुरे, नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कुठला आहे हे कुणी विचारत नाही. गेल्या काही निवडणुकांत मतदान दोन टक्क्यांच्या आसपास झालं. पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. मत द्या, आणि वेळ असेल तर उभे राहा.